चौघींच्या आजोबांची गिरणी

“काकू, जरा सावकाश. मी अजून ‘परंतु’वरच आहे,” वेणीवाली म्हणाली.

स्टेनोबाई थांबल्या. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी तीन मुली वह्यांत डोकी खुपसून बसल्या होत्या आणि बाईंच्या हातात शॉर्टहँडचं पॅड होतं. त्यावरच्या तिरप्या रेघा आणि टिंबं बघून सुरुवातीला या मुलींना वाटलं होतं, बाई वर्गात कंटाळून मुंग्या काढत बसतात. मग एकदा वेणीवालीनं सहज विचारलं, “काकू, सर कारणांचं काय म्हणाले हो?” बाईंनी पॅड मागे उलटलं आणि सरांचा अख्खा तास वाचून दाखवला, पहिल्या ‘तर मंडळी’पासून शेवटच्या ‘उरलेलं उद्या’पर्यंत. मध्ये ‘खिडकी लावा रे कुणीतरी, माझी पाठ धरलीय’ हेसुद्धा होतं. मुलींची हसून मुरकुंडी वळली. पण त्या दिवसापासून काकूंचा भाव वधारला, तो वधारलाच. इतिहासाच्या तासाला दांडी मारायची आणि नंतर काकूंना एक चहा पाजायचा, असा त्या तिघींचा शिरस्ता पडून गेला.

बाईंनाही ते आवडे. पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी आपली वाट बघत बसतंय, हे सुख काही थोडं नव्हतं.

“परंतु,” त्या पुन्हा वाचू लागल्या, “कागदावर जे येतं, ते कुणीतरी येऊ दिलेलं असतं. तर मंडळी, माझ्या आजोबांची पिठाची गिरणी होती. दळण घेऊन आलेली माणसं तिथं बसून काय काय बोलायची. कुणाचं घर फुटलं, कुणी कुणाला फसवलं. त्यातलं एक अक्षर आज कुठं लिहिलेलं नाही. कागदावर उरलाय तो फक्त गिरणीचा परवाना.”

“परवाना,” असं पुटपुटत तिघींनी ते उतरवून घेतलं. त्या दिवशी तिघीही वर्गात नव्हत्या. खिडकीचं वाक्य गाळायचं एवढं त्यांना कळत होतं, पण गिरणी ही धड्यातली की सरांच्या घरची, हे त्यांना कोण सांगणार? आणि बाई काही गाळत नसत. गाळणं हे त्यांचं कामच नव्हतं.

उभी हयात त्यांनी कोर्टात साहेबांचं डिक्टेशन घेतलं होतं. पहिल्याच साहेबांनी त्यांना दम भरला होता, “बाई, कानातून थेट हातात. मध्ये डोकं आणायचं नाही. डोकं मध्ये आलं की एखादा शब्द सुटतो, आणि सुटलेल्या शब्दापायी माणूस उगाच आत जातो.” बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांच्यासमोर भाऊ भावाविरुद्ध उभे राहिले, बायकांनी संसाराची लक्तरं मांडली, पण पेन्सिलीचं टोक सोडलं तर बाईंना त्यातलं काही लागलं नाही. संध्याकाळी नवरा विचारी, “काय गं, आज काय विशेष?” तर त्यांना खरोखर काही आठवत नसे. मग तो म्हणे, “नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे,” आणि आपल्या बसडेपोतल्या भानगडी तिखटमीठ लावून सांगायला घेई.

नवरा भारी बोलका. मनानं वाईट नव्हता, उलट बायकोवर त्याचा जीव होता, आणि तीच खरी पंचाईत होती. दुकानात बाईंनी तोंड उघडायच्या आत तो सांगे, “तिला निळा नको.” डॉक्टरांकडे सांगे, “तिला म्हणायचंय की जिना चढताना धाप लागते.” बाई लेकीशी फोनवर बोलत असताना तो मधूनच फोन घेई, “तुझ्या आईला म्हणायचंय की जपून राहा.” आणि बहुतेक वेळा बाईंना तेच म्हणायचं असे. भांडावं तरी कशावरून?

मग कोर्टात यंत्रं आली. माणूस बोलला की आपोआप अक्षरं उमटवणारी. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, “बाई, सगळ्यांचं बोलणं तुम्ही लिहून घेतलंत, आता तुम्ही दोन शब्द बोला.” बाई उठल्या. समोर वकील, शिपाई, कारकून, सगळे ओळखीचे चेहरे. त्यांच्या मनात पहिलं वाक्य आलं ते, ‘सदर प्रकरणी उभय पक्षांचे म्हणणे ऐकण्यात आले.’ दुसरं आलंच नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी नवरा उठला. “तिला म्हणायचंय की,” अशी सुरुवात करून त्यानं असं झकास भाषण केलं की लोक आधी हसले आणि मग डोळे पुसू लागले. टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या.

घरी आल्यावर चपला काढायच्याही आधी त्यांनी लेकीला फोन लावला. “मला कॉलेजला जायचंय. अर्धं राहिलंय ते.”

“हे बाबांच्या डोक्यातून आलंय का?” लेकीनं विचारलं.

“नाही.”

वडील आजारी पडले तेव्हा कॉलेज सुटलं होतं, टायपिंग शिकून नोकरी धरली होती, हे खरं. पण बाईंना पदवीची हौस नव्हती. त्यांना मनापासून एवढंच वाटत होतं की मरायच्या आधी एकदा तरी स्वतःचं वाक्य बोलावं, कुणी न सांगितलेलं. ते कुठं शिकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, कॉलेजात शिकवत असतील असं त्या धरून चालल्या. आणि तिथं जाऊन त्यांनी काय केलं? पहिल्याच तासाला पॅड उघडलं. जित्याची खोड.

परीक्षेत नेमका प्रश्न आला: लेखी साधनांच्या मर्यादा सांगा. बाईंनी पेन टेकवलं आणि हात धावू लागला. सरांचा तो तास जसाच्या तसा आतून वर आला. घरी येताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं की बसमध्ये जागा असूनही त्या उभ्या राहिल्या.

पेपर बाहेरगावच्या परीक्षकांकडे गेले. म्हणे पहिल्या उत्तरातली आजोबांची गिरणी वाचून त्यांनी समासात ‘छान’ लिहिलं होतं. दुसऱ्या उत्तरात गिरणी आली तेव्हा त्यांना योगायोग वाटला. चौथ्या विद्यार्थिनीचे आजोबाही दळण दळू लागले तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि कॉलेजला कळवलं.

कॉपीचं प्रकरण म्हणून चौघींना चौकशीला बोलावलं गेलं. कॉपी ठरली तर चौघींचं वर्ष जाणार होतं, आणि मजकूर पुरवणारीला कॉलेज कायमचं बंद होणार होतं. वेणीवाली जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. पास झाली नाहीस तर शिक्षण पुरे, असं घरच्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. बाई तिच्याशेजारी बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, तेवढ्यात ती म्हणाली, “काकू, तुम्ही ते गाळायला हवं होतं हो. आम्हांला काय माहीत?”

बाईंचा हात मांडीवरच राहिला. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथं गहू कोण आणि किडे कोण, तेही त्यांना कळेना.

“मी येतो तुझ्याबरोबर,” नवरा त्या संध्याकाळी म्हणाला. “तुला तिथं बोलता येणार नाही, मागच्या वेळी बघितलंय मी. साधं सांगायचं. म्हणायचं की, वयोमानानं चूक झाली. उद्देश वाईट नव्हता. मुलींना आपल्या लेकीसारखं समजून मदत केली. पोटात घालावी, एवढी विनंती.”

“तुम्ही नका येऊ.”

“बरं, नाही येत. पण हेच सांग. पाठ कर हवं तर.”

सकाळी भांडी विसळताना बाईंची नजर ओट्याच्या कडेला पडलेल्या पॅडवर गेली. वरच्या पानावर ताज्या रेघा होत्या. त्यांनी हात पुसले आणि वाचलं. ‘वयोमानानं चूक झाली. उद्देश वाईट नव्हता.’ नवरा बोलत असताना हातानं ते कधी टिपलं, त्यांना पत्ताही नव्हता. बाईंना स्वतःची किळस आली. नळ वाहत होता, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

आणि तिथंच, नळाशी, त्यांना ती बाई आठवली. कोर्टातल्या हजारो माणसांपैकी एवढी एकच त्यांच्यापाशी का उरली होती कोण जाणे. तरुण होती, साक्षीला उभी होती. वकिलानं विचारलं, “त्या दिवशी घरात काय झालं?” ती कठड्याला धरून गप्प उभी राहिली. खूप वेळ. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, “घ्या. साक्षीदार उत्तर देत नाही.” कोर्टात हे वाक्य इतक्यांदा येई की शॉर्टहँडमध्ये त्याला शब्द लागतच नसत. एक आखूड रेघ आणि शेवटी किंचित वळण, झालं. बाईंनी ते वळण देता देता वर पाहिलं, तर त्या बाईचे ओठ हलत होते. ती बोलायला लागली होती. पण रेघ काढून झाली होती आणि साहेब पुढच्या साक्षीदाराला बोलावत होते.

चौकशी उपप्राचार्यांच्या खोलीत होती. लांब टेबल, टेबलावर काच, काचेखाली जुनी वेळापत्रकं. उपप्राचार्य मधोमध बसले होते, शिस्तीचा पण दुष्ट नसलेला माणूस. एका बाजूला इतिहासाचे सर खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या बाजूला निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क कामकाज लिहून घेत होते, आणि ते कानानं जड होते. तिन्ही मुलींना विचारून बाहेर पाठवलं होतं. हेडक्लार्कचा कागद तोवर अर्धाच भरला होता.

“काय म्हणालात सर? ‘पुरवला’ की ‘पुरावा’?” त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उपप्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. बाईंच्या मांडीवर पॅड होतं आणि पेन्सिल चालत होती.

“तुम्ही लिहून घेताय?”

बाई दचकल्या. “सवय आहे, साहेब. म्हणजे, सर.”

“सगळं आलंय?”

“आलंय.”

उपप्राचार्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. “मग तुमचंच राहू द्या. शेवटी वाचून दाखवा, यांना टाइप करून द्या. नियमात बसत नाही खरं, पण असंच चाललं तर आपण इथंच म्हातारे होऊ.”

हेडक्लार्कनी ‘सुटलो’ असा चेहरा करून पेनाला टोपण लावलं. अशा रीतीनं स्वतःच्याच चौकशीचं डिक्टेशन बाई स्वतः घेऊ लागल्या.

“ही गिरणी कुणाची?” उपप्राचार्यांनी विचारलं.

“सरांच्या आजोबांची.”

“मग ‘माझ्या आजोबांची’ असं का लिहिलंत?”

“सर तसं म्हणाले होते.”

इतिहासाच्या सरांचे कान लाल झाले. उपप्राचार्यांना हसू येत होतं, ते त्यांनी आवरलं. “बाई, परीक्षेच्या वेळी तुमच्याजवळ कागद नव्हता, हे मला मान्य आहे. पण पाठ केलेलं ओकणं म्हणजे उत्तर नव्हे. त्या मुलींनी तेच केलं, तुम्हीही तेच. आता मी तुम्हांला एक संधी देतो. तोच प्रश्न आहे. लेखी साधनांच्या मर्यादा. सरांच्या शब्दांत नको. तुमच्या शब्दांत सांगा.”

बाईंनी तोंड उघडलं. ‘तर मंडळी,’ आतून आलं. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. ‘वयोमानानं चूक झाली,’ हे आलं. तेही गिळलं. आत शोधलं तर सगळी दुसऱ्यांचीच माणसं बोलत होती, साहेब, वकील, नवरा, सर. त्यांत आपला आवाज कोणता हे त्यांना ओळखूच येईना. वर पंखा फिरत होता. बाहेरच्या बाकावर वेणीवाली बसली असेल, हे त्यांच्या मनात येत होतं.

उपप्राचार्य बराच वेळ थांबले. माणूस वाईट नव्हता म्हटलं ना. पण शेवटी त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आवाज बदलून म्हणाले, “घ्या. विद्यार्थिनी उत्तर देऊ शकली नाही.”

बाईंची पेन्सिल निघाली. आखूड रेघ. वळण द्यायचं तेवढं राहिलं आणि हात थांबला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा थांबला होता.

“हे मी घेणार नाही, साहेब,” त्या म्हणाल्या.

“का?”

“खरं नाही ते. मी देतेय अजून.”

“तुम्ही तर गप्प होतात.”

“होते. गप्प होते. गप्प असलं म्हणजे, म्हणजे उत्तर नसतं असं नाही ना.” बाईंना धाप लागली. “एक बाई होती. कोर्टात. तिला विचारलं आणि ती गप्प राहिली. साहेब म्हणाले, उत्तर देत नाही. मी लिहिलं. पण तिचे ओठ हलले होते. मी बघितलं. ते नाहीये कुठं. कागद आहे ना तो, अजून असेल तिथं कपाटात, त्यात ती गप्प आहे. कायमची. आणि ती गप्प नव्हती. तिला जरा वेळ लागत होता. एवढंच. ते लिहायला खूणच नाही आमच्याकडे. वेळ लागत होता, ह्याला. म्हणजे मर्यादा म्हणालात ना तुम्ही, तर, हीच. मीच. माझा हात.”

वाक्यांचा धड आकार नव्हता. मध्ये दोनदा त्यांचा आवाज फाटला आणि ‘म्हणजे’ किती वेळा आलं त्याला गणती नाही. सरांनी मान वर केली होती. हेडक्लार्क कानाशी हात धरून पुढे वाकले होते.

“हे पेपरात लिहायला हवं होतंत, बाई,” उपप्राचार्य हळूच म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “तेव्हा नाही आलं.”

“चूक माझीही आहे,” सर मध्येच बोलले. “गिरणी माझी. वर्गात मी बोलतो त्यातलं धड्यातलं कुठलं आणि घरचं कुठलं, ते मीच सांगायला हवं होतं. मुलींना तरी सोडा सर.”

“मुलींनी माझ्यावर विश्वास ठेवला,” बाई म्हणाल्या. “त्यांचं वर्ष जायला नको. माझं गेलं तर जाऊ दे.”

उपप्राचार्यांनी काचेवर बोट फिरवत थोडा विचार केला. “नियम आहे, बाई. परीक्षकांनी लेखी कळवलंय, मला काहीच केलं नाही असं दाखवता येणार नाही. घ्या. तिन्ही विद्यार्थिनींना ताकीद देऊन त्यांचा निकाल कायम ठेवण्यात येत आहे. मूळ मजकूर पुरवणाऱ्या विद्यार्थिनीचा पेपर रद्द करण्यात येत आहे. तिला पुढील वर्षी पुन्हा परीक्षेस बसता येईल.”

बाईंनी ते घेतलं. शब्दन् शब्द घेतला, कारण ते खरं होतं. एकही रेघ चुकली नाही.

“वाचून दाखवा.”

बाई उभ्या राहिल्या, कोर्टात राहत तशा. पहिल्यापासून वाचलं. मुलींची उत्तरं, गिरणी, आजोबा, सगळं आलं. त्या एका जागी पोचल्या तेव्हा क्षणभर अडखळल्या. पानावर तिथं एक अर्धी रेघ होती, वळण नसलेली. पुढे काही नव्हतं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “विद्यार्थिनी काही वेळ गप्प राहिली. मग बोलली.”

उपप्राचार्यांनी मान वर केली. “हे मी सांगितलं नव्हतं.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

उपप्राचार्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. त्यांना या खेपेस सगळं ऐकू आलं होतं असं दिसलं.

“राहू दे,” उपप्राचार्य म्हणाले. “पुढे वाचा.”

टाइप करून, सही घेऊन बाई बाहेर आल्या तेव्हा मुली जिन्याशी उभ्या होत्या. त्यांना आधीच कळलं होतं. वेणीवालीनं बाईंचा हात धरला, काही बोलायला गेली आणि तिला बोलता येईना. बाई म्हणाल्या, “असू दे. सावकाश.” मुली गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. पुढच्या वर्षी या तिघी वरच्या वर्गात गेलेल्या असतील, कँटीनमधलं ते टेबल दुसऱ्या कुणाचं तरी असेल, हे आत्ता कुठं त्यांच्या लक्षात येत होतं. वर्ष गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही.

फोन वाजला. नवरा होता.

“काय झालं गं? सांगितलंस ना, उद्देश वाईट नव्हता म्हणून?” बाईंनी तोंड उघडायच्या आत तो स्वतःच म्हणाला, “म्हणजे गेलं ना वर्ष? मला वाटलंच होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. घरी ये, मी चहा टाकतो. लेकीला मी कळवतो, तू नको त्रास घेऊ.”

“नको,” बाई म्हणाल्या. “तिला मी सांगेन.”

पलीकडे नवरा थोडा वेळ काहीच बोलला नाही. असं सहसा होत नसे. “बरं,” तो म्हणाला.

बाईंनी लेकीचा नंबर काढला, पण लगेच लावला नाही. पॅड पर्समध्ये होतं, ते तिथंच राहू दिलं. फोन मांडीवर ठेवून त्या पहिलं वाक्य शोधत बसल्या. शेवटचा तास सुटला, पोरं धडाधड जिना उतरून त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. वाक्य अजून आलं नव्हतं, आणि बाईंना घाई नव्हती.